दर बूटला पुन्हा १०२४ बाय ७६८: जुना कॉम्प्युटर, हलकं लिनक्स आणि अडकलेलं रिझोल्यूशन

पंधरा-अठरा वर्षं जुन्या कॉम्प्युटरवर अँटीएक्स, लुबंटू, पपी किंवा एलएक्सडीईवालं डेबियन टाकलं. मेलेलं मशीन पुन्हा पळायला लागलं. आणि मग लक्षात आलं की अक्षरं फताडी दिसताहेत, गोल बटणं अंड्यासारखी झालीत. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जावं तर यादीत तीन-चारच पर्याय, त्यातला सगळ्यात मोठा १०२४ बाय ७६८. मॉनिटर तर १४४० बाय ९०० चा आहे. नेटवरून तीन कमांड शोधून चिकटवल्या, पडदा झकास झाला. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर चालू केला आणि ये रे माझ्या मागल्या.

त्या तीन कमांड चुकीच्या नाहीत, पण त्यांचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. आधी बघायचं की गाडी कुठं अडली आहे: मॉनिटर बोलत नाही, ड्रायव्हर जागेवर नाही, की कॉम्प्युटरला नसलेला पडदा दिसतोय? तिन्हीचं लक्षण वरवर सारखंच, उपाय मात्र पूर्ण वेगळे. आणि हे ओळखायला दोन मिनिटं पुरतात.

एक सूचना. खाली कमांड, फाइलींची नावं आणि आकडे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये ते रोमन लिपीत टाइप करायचे. जिथं स्पेलिंगचा घोळ होऊ शकतो तिथं अक्षरं सुटी करून दिली आहेत.

१०२४ बाय ७६८ येतं कुठून?

मॉनिटरच्या आत एक छोटी मेमरी असते. तिच्यात किमान १२८ बाइटची माहिती भरलेली असते: बनवणारी कंपनी कोणती, काच किती सेंटिमीटरची, कोणती रिझोल्यूशन चालतात आणि त्यातलं खरं कोणतं. हिला ईडीआयडी म्हणतात. कॉम्प्युटर बूट होताना ग्राफिक्सचा ड्रायव्हर केबलमधून ही माहिती मागतो. जुन्या पंधरा पिनांच्या व्हीजीए केबलमध्ये यासाठी १२ नंबरची पिन डेटाची आणि १५ नंबरची क्लॉकची असते. चित्राचे लाल-हिरवा-निळा सिग्नल वेगळ्या पिनांतून जातात. म्हणजे चित्र ठणठणीत येत असताना ही बोलाचालीची वाट मात्र तुटलेली असू शकते, आणि नेमकी इथंच बहुतेकांची फसगत होते. "चित्र येतंय ना, मग केबल चांगलीच आहे" असं आपण धरून चालतो.

मॉनिटरकडून उत्तर आलं नाही तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, काय करणार? जास्त ताण दिला तर जुना मॉनिटर ते झेपवेल की नाही हे त्याला माहीत नसतं. म्हणून तो हात आखडता घेतो आणि १०२४ बाय ७६८ पर्यंतचीच ठरलेली मोजमापं यादीत टाकतो. त्यामुळे हा आकडा दिसला की मी सहसा असं समजतो की हे रिझोल्यूशन मॉनिटरचं नाही, ही कर्नलची अंदाजपंचे निवड आहे.

आधी एकच कमांड

टर्मिनल उघडा आणि एक्सरँडआर एवढंच टाइप करून एंटर दाबा. अक्षरं अशी: एक्स, आर, ए, एन, डी, आर. जे उमटेल त्याच्या पहिल्या पाच-सहा ओळी नीट वाचा. घाईत पुढच्या कमांडकडे पळू नका, सगळं निदान या ओळींत आहे.

पहिली शक्यता. मॉनिटरच्या जागी "डिफॉल्ट कनेक्टेड" असं लिहिलं आहे, आणि त्याच्या वर बहुधा एक कुरकुर आहे की डिफॉल्ट या आउटपुटच्या गॅमाचा आकार मिळाला नाही. नव्या कर्नलवर डिफॉल्टऐवजी "नन-१" असंही दिसतं. याचा अर्थ खरा ड्रायव्हर चालूच झालेला नाही. काहीतरी कामचलाऊ चालू आहे.

दुसरी शक्यता. "व्हीजीए-१ कनेक्टेड" असं व्यवस्थित नाव आहे, पण त्या ओळीच्या शेवटी "०एमएम एक्स ०एमएम" आहे. कॉम्प्युटरच्या लेखी तुमच्या मॉनिटरची लांबी-रुंदी शून्य मिलिमीटर! ईडीआयडी पोचला असता तर इथं ४०८ बाय २५५ असं काहीतरी खरं माप आलं असतं. खालची यादीही बघा: १०२४ बाय ७६८, ८०० बाय ६००, ८४८ बाय ४८०, ६४० बाय ४८०. ते मधलं ८४८ बाय ४८० फार कामाचं आहे. इतकं विचित्र माप सहसा कुठं दिसत नाही, पण कर्नलच्या या अंदाजी यादीत ते हमखास असतं. ते आणि शून्य मिलिमीटर एकत्र दिसले की शंकेला जागा नाही, मॉनिटर बोलत नाहीये.

तिसरी शक्यता. तुमच्याकडे मॉनिटर एकच आहे, पण यादीत "कनेक्टेड" दोन ठिकाणी लिहिलं आहे. व्हीजीए-१ सोबत एलव्हीडीएस-१ (लॅपटॉपचा पडदा) किंवा एसव्हिडिओ-१ (टीव्ही). हा भुताचा पडदा.

ड्रायव्हर जागेवर नसेल तर

हे माझ्यावरच बेतलं होतं, म्हणून सांगतो. एका जुन्या डेस्कटॉपवर मी अख्खी संध्याकाळ नवनवे मोड (म्हणजे रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेटच्या जोड्या) तयार करत बसलो होतो आणि प्रत्येक वेळी तीच गॅमाची कुरकुर. मॉनिटर बदलला, केबल बदलली, हाती काहीच लागलं नाही. शेवटी कॅट, मग स्लॅश-प्रॉक-स्लॅश-सीएमडीलाइन ही फाइल उघडून बघितली. चालू कर्नलला बूट होताना काय काय सांगितलं गेलं ते तिथं एका ओळीत दिसतं. त्या ओळीच्या टोकाला शांतपणे बसला होता शब्द: नोमोडसेट.

तो मीच घातला होता. पेनड्राइव्हवरून बूट करताना पडदा काळा पडत होता म्हणून मेनूतला "सुरक्षित ग्राफिक्स" हा पर्याय मी निवडला होता, आणि इन्स्टॉलरनं तो इमानेइतबारे हार्डडिस्कवरच्या ग्रबमध्येही (बूटचा मेनू दाखवणारा प्रोग्राम) उतरवून ठेवला. नोमोडसेट म्हणजे कर्नलला दिलेली ताकीद, की पडद्याचं रिझोल्यूशन तू ठरवायचं नाहीस. मग इंटेल, रेडिऑन, नूव्हो कुठलाच ड्रायव्हर कामाला लागत नाही आणि डेस्कटॉप व्हेसा नावाच्या जुन्या आधारावर चालतो. व्हेसाला फक्त ग्राफिक्स कार्डाच्या बायोसमध्ये लिहिलेली मोजमापं येतात. त्या काळच्या कित्येक बायोसच्या यादीत रुंद पडद्यांची मापंच नाहीत.

उपाय सोपा. स्लॅश-ईटीसी-स्लॅश-डिफॉल्ट या फोल्डरमधली ग्रब नावाची फाइल सुडो लावून, म्हणजे ॲडमिनच्या अधिकारानं, एडिटरमध्ये उघडा. ग्रब-सीएमडीलाइन-लिनक्स-डिफॉल्ट या ओळीतून नोमोडसेट काढा, क्वाएट आणि स्प्लॅश असतील तर राहू द्या. सेव्ह करून सुडो अपडेट-ग्रब चालवा आणि रीस्टार्ट करा. पपीसारख्या ठिकाणी अपडेट-ग्रब नसतं, तिथं बूट मेनूच्या फाइलीतूनच तो शब्द खोडावा लागतो. आणि हो, आधी एकदा तात्पुरतं करून बघा: ग्रबच्या मेनूवर ई हे बटण दाबा, लिनक्स या शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीतून नोमोडसेट खोडा आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो. पडदा काळाच राहिला तर बंद करून चालू करा, काही बिघडलेलं नसतं.

ओळीत नोमोडसेट नसेल आणि तरीही "डिफॉल्ट" दिसत असेल, तर एलएसपीसीआय या कमांडला वजा-के जोडून चालवा. व्हीजीए लिहिलेल्या नोंदीखाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" अशी ओळ असायला हवी. ती नसली तर कार्ड कुठलं आहे त्यावर पुढचं ठरतं.

इंटेलची ८४५ पासून ९४५ पर्यंतची आणि त्यानंतरची चिपसेट असतील तर आय९१५ हा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, वेगळं काही बसवायचं नसतं. अपवाद जीएमए ५०० आणि ३६०० यांसारख्यांचा. नाव इंटेलचं असलं तरी आतला गाभा पॉवरव्हीआरचा आहे. त्यांना जीएमए५०० नावाचाच वेगळा ड्रायव्हर लागतो. तो रिझोल्यूशन बरोबर देतो, पण थ्रीडीचा वेग त्यात नाही. तेवढ्यावर समाधान मानायचं.

एटीआयची कार्डं रेडिऑन ड्रायव्हरवर चालतात, पण आर६०० आणि त्यापुढच्या पिढ्यांना फर्मवेअरच्या फाइली लागतात. त्या नसल्या की ड्रायव्हर सुरू होताहोताच माघार घेतो आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड: डी, एम, ई, एस, जी) स्पष्ट लिहून ठेवतो की आर६०० किंवा नंतरच्या कार्डांना फर्मवेअर हवं. डेबियनमध्ये त्या पॅकेजचं नाव फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स. डेबियन १२ पासून इन्स्टॉलर हे स्वतःहून बघतो. त्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये ते हातानं घालावं लागायचं, आणि जुनी मशीनं असणाऱ्यांच्या पेनड्राइव्हवर नेमक्या त्याच आवृत्त्या पडून असतात.

एनव्हिडियासाठी नूव्हो पुरेसा आहे. जीफोर्स ६ आणि ७ साठी ३०४ ची, ८ आणि ९ साठी ३४० ची मालिका असे कंपनीचे बंदिस्त ड्रायव्हर होते. पहिल्याचं अपडेट २०१७ मध्ये थांबलं, दुसऱ्याचं २०१९ मध्ये. आजच्या कर्नलवर ते बळंच बसवण्यात जो वेळ जातो तो बघता, नुसतं रिझोल्यूशन हवं असेल तर त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. उलट कुणी आधी तो प्रयोग करून सोडलेला असेल तर त्याची उरलेली झोर्ग.कॉन्फ फाइल (झोर्ग म्हणजे एक्स, ओ, आर, जी; पडदा रंगवणारा एक्स११ चा प्रोग्राम) स्लॅश-ईटीसी-स्लॅश-एक्स११ मध्ये पडून असते आणि नूव्होला आत येऊ देत नाही. तिचं नाव बदला आणि पुन्हा लॉगिन करा.

सिसच्या ६७१ आणि ७७१ सारख्या चिपसेटवाल्यांना मात्र वाईट बातमी आहे. त्यांच्यासाठी कर्नलमध्ये नीट ड्रायव्हर नाही. व्हेसावरच दिवस काढायचे, किंवा मदरबोर्डवर जागा असेल तर एखादं जुनं वेगळं कार्ड लावायचं. यावर तासन्‌तास घालवलेली माणसं मी बघितली आहेत.

मॉनिटर बोलत नसेल तर

आता दुसरी शक्यता, म्हणजे शून्य मिलिमीटर. खात्री करायची असेल तर ईडीआयडी थेट मोजता येतो. स्लॅश-सिस-स्लॅश-क्लास-स्लॅश-डीआरएम या फोल्डरमध्ये कार्ड०-व्हीजीए-१ असा फोल्डर असतो आणि त्यात ईडीआयडी नावाची फाइल. तिचा आकार एलएसनं बघू नका, तिथं माहिती असली तरी शून्यच दिसतो आणि माणूस उगाच घाबरतो. कॅट करून उभ्या रेघेनं (पाइप) डब्ल्यूसी वजा-सी कडे पाठवा, ती बाइट मोजते. १२८ किंवा २५६ आलं तर मॉनिटर बोलतोय. शून्य आलं तर खरंच गप्प आहे.

गप्प असेल तर टर्मिनल सोडा आणि टेबलामागे जा. केबल काढून तिची टोकं उजेडात धरा. पिनांच्या तीन रांगा असतात, पाच-पाचच्या. मधल्या रांगेतली ९ नंबरची पिन कित्येक केबलींत मुळातच नसते, ते काही दुखणं नव्हे. पण १२ किंवा १५, म्हणजे सगळ्यात खालच्या रांगेतली दुसरी किंवा पाचवी, नसली किंवा वाकून आडवी झाली असली तर चोर सापडला. टोक तुमच्याकडे धरलं की डावी-उजवी बाजू उलटते, त्यामुळे प्लगवर कोरलेले बारीक नंबर भिंगातून बघितलेले बरे. स्वस्तातल्या केबलींत पिन दिसते पण आत तारच जोडलेली नसते. ते डोळ्यांना दिसत नाही, केबल बदलूनच कळतं.

मध्ये स्प्लिटर, दोन कॉम्प्युटरना एक मॉनिटर लावायचा स्विच किंवा लांबवलेली केबल असेल तर तिच्यावर आधी संशय घ्या. एकदा मशीनला थेट, आखूड केबलनं मॉनिटर लावून बूट करा. रिझोल्यूशन आपोआप सुधारलं तर पुढचं काही वाचायची गरज नाही. एचडीएमआयचं व्हीजीए करणाऱ्या डब्यांतही काही असे निघतात की चित्र देतात पण मॉनिटरची माहिती मागे पाठवत नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी "कधी बरोबर, कधी चूक" या प्रकाराच्या मुळाशी बरेचदा असते. तुम्ही आधी कॉम्प्युटर चालू करता की मॉनिटर? काही मॉनिटर बंद असताना ईडीआयडीच्या हाकेला ओ देत नाहीत. कर्नल विचारतो, उत्तर येत नाही, तो १०२४ बाय ७६८ धरून पुढं जातो. मग दहा सेकंदांनी तुम्ही मॉनिटरचं बटण दाबता. एका ओळखीच्या गृहस्थांची तक्रार होती की लिनक्स सकाळी बिघडतं आणि दुपारी सुधारतं. सकाळी ते कॉम्प्युटर आधी चालू करायचे. दुपारी जेवून आल्यावर मॉनिटर चालूच असायचा आणि ते नुसतं रीस्टार्ट करायचे. मी दोन आठवडे त्यांच्या लॉग फाइली वाचत होतो!

केबल बदलणं शक्य नसेल, किंवा मॉनिटरची ती मेमरीच गेलेली असेल, तर आता त्या प्रसिद्ध तीन कमांड.

सीव्हीटी या कमांडपुढे रुंदी, उंची आणि रिफ्रेश रेट द्या: सीव्हीटी १४४० ९०० ६०. ती एक मोडलाइन छापते. १४४० बाय ९०० साठी तिच्यातले आकडे असे येतात: १०६.५०, मग १४४० १५२८ १६७२ १९०४, मग ९०० ९०३ ९०९ ९३४, शेवटी वजा-एचसिंक आणि अधिक-व्हीसिंक. पहिला आकडा पिक्सेल क्लॉकचा, मेगाहर्ट्झमध्ये. पुढचे चार आडव्या ओळीचे, त्यापुढचे चार उभ्या मापाचे. १९०४ ला ९३४ नं गुणून १०६५ लाखांना भागायला घ्या, सेकंदाला जवळपास साठ चित्रं येतात. आकडे जादूचे नाहीत एवढंच दाखवायचं होतं.

आता एक्सरँडआर, जागा, दोन वजा चिन्हं आणि न्यूमोड, मग मोडचं नाव, मग ते सगळे आकडे. नाव काहीही चालतं. सीव्हीटी लांबलचक नाव देते आणि ते अवतरण चिन्हांसकट टाइप करताना चुका होतात, म्हणून मी सरळ रुंद असं ठेवतो, रोमनमध्ये आर-यू-एन-डी. दुसरी कमांड: दोन वजा आणि ॲडमोड, मग व्हीजीए-१, मग रुंद. तिसरी: दोन वजा आणि आउटपुट, व्हीजीए-१, दोन वजा आणि मोड, रुंद.

तिसरी कमांड देताना एक काळजी घ्या. तिच्यापुढे अर्धविराम देऊन स्लीप २० लिहा, पुन्हा अर्धविराम आणि १०२४ बाय ७६८ वर परत आणणारी कमांड. सगळं एकाच ओळीत. पडदा काळा पडला किंवा मॉनिटरनं "रेंजच्या बाहेर" असा फलक लावला तर वीस सेकंद गप्प बसा, आपोआप जुन्यावर येईल. सगळं ठीक दिसलं तर ती आउटपुटची कमांड पुन्हा एकटी द्या.

काचेच्या ट्यूबचा जुना मॉनिटर असेल तर ही काळजी जास्तच. १०२४ बाय ७६८ ला साठ हर्ट्झवर साधारण ४८ किलोहर्ट्झ आडवी वारंवारिता लागते, त्याच मापाला पंच्याऐंशी हर्ट्झवर जवळपास ६९. मॉनिटरच्या मागच्या पट्टीवर ३० ते ५४ लिहिलं असेल तर दुसरं त्याला झेपणार नाही. नंतरच्या काळातले मॉनिटर स्वतःला वाचवतात, फार जुने वाचवतीलच असं नाही.

१३६६ बाय ७६८ वाल्यांसाठी वेगळी गंमत आहे. सीव्हीटीला हे माप दिलं की ती १३६८ चा मोड देते, कारण तिच्या हिशेबात रुंदी आठच्या पटीत लागते आणि १३६६ ला आठनं भाग जात नाही. मग दोन पिक्सेल कापले जातात किंवा अक्षरांना धूसर कडा येतात. अशा वेळी प्रमाणित आकडेच हातानं द्या: ८५.५०, मग १३६६ १४३६ १५७९ १७९२, मग ७६८ ७७१ ७७४ ७९८, दोन्ही सिंक अधिक चिन्हाचे.

रीस्टार्टनंतर टिकवायचं कसं

एक्सरँडआरनं केलेलं सगळं त्या लॉगिनपुरतं असतं. टिकवायला तीन वाटा आहेत, त्यातली मी पहिल्यांदा सुचवतो ती एक्स११ च्या सेटिंगची. स्लॅश-ईटीसी-स्लॅश-एक्स११ मध्ये झोर्ग.कॉन्फ.डी नावाचा फोल्डर असतो, नसला तर करा. त्यात १०-मॉनिटर.कॉन्फ अशी फाइल. आत पाच ओळी पुरतात:

सेक्शन "मॉनिटर"
आयडेंटिफायर "व्हीजीए-१"
मोडलाइन "रुंद" १०६.५० १४४० १५२८ १६७२ १९०४ ९०० ९०३ ९०९ ९३४ -एचसिंक +व्हीसिंक
ऑप्शन "प्रिफर्डमोड" "रुंद"
एंडसेक्शन

आयडेंटिफायरमध्ये एक्सरँडआरनं दाखवलेलं नाव जसंच्या तसं हवं. इथं एक खड्डा आहे आणि अपडेटनंतर पुष्कळजण त्यात पडतात. इंटेलचा जुना एक्स ड्रायव्हर याच सॉकेटला व्हीजीए१ म्हणतो, मधल्या आडव्या रेघेशिवाय. नवा मोडसेटिंग ड्रायव्हर त्यालाच व्हीजीए-१ म्हणतो, रेघेसकट. तुमची फाइल वर्षभर चालते, मग अपडेटमध्ये ड्रायव्हर बदलतो, नाव एका रेघेनं बदलतं आणि फाइल निकामी होते. चूक कुठंच छापून येत नाही. "काही न करता बिघडलं" असं कुणी सांगितलं की मी आधी ही रेघ बघतो.

दुसरी वाट कर्नलची: ग्रबच्या त्याच ओळीत व्हिडिओ=व्हीजीए-१:१४४०एक्स९००एम@६०. त्यातलं व्हीजीए आणि एम मोठ्या लिपीतलं, बाकी एक्स वगैरे छोट्या. याचा फायदा असा की काळ्या कन्सोललाही (नुसत्या अक्षरांचा पडदा) रिझोल्यूशन मिळतं. डेस्कटॉपनं तरी छोटंच निवडलं तर डिस्प्लेच्या सेटिंगमधून एकदा मोठं निवडून ठेवा, आता ते यादीत आलेलं असेल. इथं नाव कर्नलचं लागतं, म्हणजे नेहमी रेघेसकट. तिसरी वाट म्हणजे लॉगिन झाल्यावर त्या तीन कमांड आपोआप चालवणारी छोटी स्क्रिप्ट. चालते, पण लॉगिनचा पडदा फताडाच राहतो.

तो उलटा प्रकारही होतो: लॉगिनचा पडदा बरोबर, आणि पासवर्ड टाकला की बिघडतो. याचा अर्थ हार्डवेअरचं सगळं नीट आहे, डेस्कटॉपनं कधीकाळी जतन केलेलं जुनं माप तो पुन्हा लादतोय. एक्सएफसीईमध्ये ते डिस्प्लेज.एक्सएमएल या फाइलीत असतं, घरच्या फोल्डरमधल्या लपलेल्या .कॉन्फिग खाली एक्सएफसीई४ मध्ये. लॉगआउट करून, कन्सोलवरून तिचं नाव बदला. चालू डेस्कटॉपमध्ये बदललंत तर तो जाताजाता पुन्हा लिहून ठेवतो. एलएक्सडीईमध्ये एलएक्सरँडआर वापरलं असेल तर .कॉन्फिगच्या ऑटोस्टार्टमध्ये त्याची फाइल सापडेल, ती काढा.

भुताचा पडदा

इंटेलच्या ९१५ आणि ९४५ च्या काळातल्या लॅपटॉपवर आणि ॲटम प्रोसेसरच्या छोट्या डेस्कटॉप बोर्डांवर हे दिसतं. बोर्डावर लॅपटॉपच्या पडद्याचं किंवा टीव्हीचं सर्किट असतं, त्याला काहीही जोडलेलं नसतं, पण बायोस किंवा ड्रायव्हर म्हणतो की आहे. मग दोन "पडद्यां"ना झेपेल असं लहान माप निवडलं जातं. किंवा माउसचा बाण उजव्या कडेबाहेर निघून जातो आणि नव्या खिडक्या उघडतात तिकडे, अदृश्यात. टास्कबार गायब होण्याचं हेही एक कारण.

तात्पुरतं: एक्सरँडआर, दोन वजा आउटपुट एलव्हीडीएस-१, दोन वजा ऑफ. कायमचं: ग्रबच्या ओळीत व्हिडिओ=एलव्हीडीएस-१:डी. शेवटचं छोट्या लिपीतलं डी म्हणजे हे आउटपुट नाहीच असं समज. नाव एसव्हिडिओ-१ असेल तर ते घाला. पण खऱ्या लॅपटॉपवर एलव्हीडीएस बंद करू नका, तो तुमचा खराच पडदा आहे.

किरकोळ पण छळणारं

मेमरीचा हिशेब. १२८० बाय १०२४ ला बत्तीस बिट रंगात ५ एमबी लागतात. फार जुन्या ४ एमबीच्या कार्डावर ते बसत नाही, १०२४ बाय ७६८ बरोबर ३ एमबीत बसतं. रंग सोळा बिटांवर आणले, म्हणजे झोर्गच्या स्क्रीन सेक्शनमध्ये डिफॉल्टडेप्थ १६, की मोठं माप अडीच एमबीत मावतं. फोटो थोडे पट्टेदार दिसतील.

नेटबुकचा १०२४ बाय ६०० पडदा बिघडलेला नसतो, तो तेवढाच असतो. सेटिंगच्या खिडक्यांची "ओके" बटणं खाली बुडतात. ऑल्ट दाबून माउसनं खिडकी वर ओढा, किंवा एक्सरँडआरला दोन वजा स्केल १.२५एक्स१.२५ द्या, म्हणजे १२८० बाय ७५० ची जागा मिळते आणि अक्षरं जराशी मऊ होतात.

रिझोल्यूशन बरोबर आहे, पण चित्र एका बाजूला सरकलंय किंवा अक्षरं थरथरतात? मॉनिटरवरचं ऑटो बटण दाबा. त्यात लिनक्सचा काही दोष नाही.

नेटवर अजून ९१५रिझोल्यूशन नावाचं साधन आणि बूटला व्हीजीए=७९१ लिहायचा सल्ला सापडतो. दोन्ही कर्नल स्वतः रिझोल्यूशन ठरवायला लागण्याच्या आधीच्या, २००९ पूर्वीच्या काळातले. आता त्यांनी काही साधत नाही. टायनी कोअरमध्ये मुळात एक्सव्हेसा चालतं. तिथं आधी पूर्ण झोर्गचं पॅकेज घ्या, मग वरचं सगळं लागू होतं. आणि तुमचा डेस्कटॉप वेलँडवर (एक्स११ च्या जागी आलेली नवी पद्धत) चालत असेल तर एक्सरँडआरनं मोड बदलणार नाहीत. लॉगिनच्या पडद्यावर एक्स११ चं सेशन निवडून बघा.

शेवटी, एखादी फाइल चुकली आणि लॉगिनचा पडदाच आला नाही, तर इन्स्टॉल पुन्हा करायला बसू नका. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ एकत्र दाबा, काळ्या कन्सोलवर लॉगिन करा, ती १०-मॉनिटर.कॉन्फ दुसऱ्या नावानं हलवा आणि सुडो रीबूट. कन्सोलही दिसत नसेल तर चूक ग्रबच्या ओळीत आहे. मेनूवर ई दाबून व्हिडिओवाला भाग खोडा, एफ१० दाबा, आणि आत गेल्यावर मूळ फाइल दुरुस्त करून अपडेट-ग्रब चालवायला विसरू नका.